मेण, दोन किलो

एंडेलच्या पेट्यांमधलं शेवटचं मेण
दोन किलो भरलं काट्यावर.
त्यात एका माशीचा पंख, आणि कुठलीशी गवताची काडी.
सारेमा बेटावर नोव्हेंबर लागलेला,
साडेचारलाच अंधार,
आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्या भावाची दोन मुलं
कोट न काढता उभी.
उद्या आत्म्यांचा दिवस.
मेणबत्त्या घरी करायच्या, विकतच्या नकोत,
असं त्यांचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मला मुलांमधलं काही कळत नाही.
सव्वीस वर्षं फेरीबोटीवर दोर फेकले,
गाठी मारता येतात, एवढंच.
म्हणून वाती मी वळल्या.
बाकीचं हेदीनं हातात घेतलं. नऊ वर्षांची आहे,
बोलते मुख्याध्यापिकेसारखी:
"काका, मेण थेट विस्तवावर नाही ठेवायचं.
पातेल्यात पाणी, पाण्यात डबा."
ठेवला बाई, पाण्यात डबा.

येताना तिनं लव्हेंडरची बाटली आणली होती,
दुकानातली, निळ्या झाकणाची.
ताआवो सहाचा. त्यानं बाटली हुंगली,
परत ठेवली, म्हणाला,
"बाबाला असला वास नव्हता."

झालं.
मेण वितळत राहिलं, आणि आम्ही तिघं
एका माणसाचा वास शोधत बसलो.

ओली लोकर, हेदी म्हणाली.
डिझेल, मी म्हणालो.
(आणखी एक होता, बाटलीतलाच, तो सांगितला नाही.)
ताआवोची मान दोन्ही वेळा आडवी.
मी बाहेर जाऊन जुनिपरची फांदी तोडली,
इथे दगडालाही जुनिपर फुटतो,
सुया मेणात सोडल्या. हिरव्या होत्या, तपकिरी पडल्या,
आणि घरभर सौनाचा दरवळ.
"हा शनिवारचा वास," ताआवो म्हणाला. "बाबाचा नाही."
खरंच होतं. शनिवार काय, सगळ्यांचाच असतो.
शेपू टाकून पाहिला. त्याचं सूप झालं.
धुरावलेल्या माशाची साल टाकू म्हटलं
तर हेदी डब्यावर आडवी पडली.

त्या गडबडीत डबा कलंडला.
कोपर कुणाचं, ते विचारायचं नाही असं ठरलं.
अर्धंअधिक मेण फळ्यांच्या फटींत गेलं, तिथेच थिजलं,
अजून आहे.
उरलेल्याच्या चार मेणबत्त्या झाल्या,
माशांच्या रिकाम्या डब्यांत,
एकीचीही वात मधोमध नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दफनभूमीत
पाइनच्या बुंध्यांमधून सगळीकडे उजेडाचे ठिपके.
समुद्राकडून वारा. आम्ही चारही लावल्या,
हातांचा आडोसा करून बसलो.
वास? कसला वास.
तिघांची नाकं गळत होती.

आणि ताआवोनं वाकून एक फुंकर मारली.
"वाढदिवस आहे का!" हेदी ओरडली.
वातीतून धूर आला, जाड, पांढरा,
क्षणभर वाऱ्यालाही न जुमानणारा,
आणि तिघंही गप्प.

पेटी उघडण्याआधी एंडेल धुराचा भाता दाबायचा,
पत्र्याचा, चेपलेला,
आत कुजकं लाकूड, सांडलेलं मेण, जळका मध.
तो धूर त्याच्या दाढीत, टोपीत,
जून ते ऑगस्ट, न्हाऊनसुद्धा न जाणारा.

"हा," ताआवो म्हणाला.
मग म्हणाला, "परत."

मी काडी ओढली. लावली. त्यानं विझवली.
परत.
परत.
शेजारच्या थडग्यापाशी आलेली बाई थांबून बघत राहिली:
दिवे लावायच्या रात्री
ही माणसं दिवे मालवतात काय?
हेदी काड्या मोजत होती, ओठांतल्या ओठांत.
"सात उरल्यात, काका. एक ठेवायला हवी.
जाताना लावून जायचं असतं."
"माहीत आहे गं," मी म्हणालो.
"सहा आहेत ना अजून."