एकशे बारा पायऱ्या

पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात.
माझ्या पायाखाली जमीन नव्हतीच.
काच होती, काचेखाली चाळीस मीटर वारा,
त्याखाली जहाज,
आणि दोरांच्या टोकाला तीस टनांचा लाल कंटेनर.
वालपाराइसोच्या धक्क्यावर एकोणीस वर्षं
मी असा अधांतरी बसून डबा खाल्ला.

मार्चमधल्या एका मंगळवारी
छातीचं दार कुणी आतून लावून घेतलं.
बोटांना मुंग्या, जिभेवर तांब्याच्या नाण्याची चव.
कंटेनर हवेत लटकलेला, मीही.
खालून रेडिओवर ओस्वाल्दो:
"झोप लागली का रे, एलाडिओ?"

इस्पितळात हृदयाचा कागद निघाला,
एकसारख्या शहाण्या टेकड्या.
"हृदय ठणठणीत आहे," म्हणाले.
मी विचारलं, मग आत्ता मेलं कोण होतं?

सासूबाईंनी लिंबाच्या वासाचा पाला उकळून दिला.
चव बरी होती.
रात्री मी त्यात वाइन धरली,
मग पाला सोडला.
शिडीपाशी गेलो की पोटात गोळा,
म्हणून कंबरदुखीचं सोंग, आणि गोदामात बदली.

शेवटी बायकोनेच टेकडीवरच्या दवाखान्यात नंबर लावला.
सत्तेचाळीसावा.
डॉक्टर यास्ना कुकुलिच घाईत होती, पण ऐकत होती.
म्हणाली, याला नाव आहे, आणि उपाय एकच नाही.
गोळी आहे, रोजची.
गुण यायला चार आठवडे, कदाचित सहा,
आधी मळमळेल,
आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.
बोलण्याचा उपचार आहे, त्याला रांग आहे.
दोन्ही मिळूनही चालतं.
"आणि ती वाइन?" मी विचारलं.
"तो उपचार नाही, ती उधारी आहे.
सकाळी व्याजासकट फेडतोस ना?"

"मला वेड तर लागत नाही ना?"
तिने पेन खाली ठेवलं.
"वारा नसताना क्रेनचा भोंगा वाजला,
तर क्रेन वेडी म्हणशील, की भोंगा तपासशील?"

भोंगा तपासायला फाबियान आला,
माझ्या मुलापेक्षा लहान, मनगटावर गोंदलेला मासा.
मला वाटलं, हा काय शिकवणार.
त्याने फक्त एवढंच सांगितलं:
भीती आली की खाली उतरू नकोस.
उभा राहा. तीही दमते.

म्हणून आठ पायऱ्या, एका आठवड्यात.
पट्टा बांधायचा, थांबायचं,
वहीत आकडा लिहायचा, शून्य ते दहा.
नऊ. नऊ. सात. परत नऊ.
ओस्वाल्दो खाली पाव खात उभा,
समुद्राकडे बघतोय असं दाखवत.

साठाव्या पायरीवर एकदा हात टेकले.
खाली येऊन ओकलो,
गोळ्यांची पट्टी ड्रॉवरच्या तळाशी सारली,
आणि तीन दिवस डोक्यात विजेचे बारीक झटके.
यास्ना रागावली नाही.
तेच जास्त लागलं.
मात्रा बदलली, तारीख लिहिली,
पुढच्या वेळी बायकोलाही आण म्हणाली.

आता सप्टेंबर. पतंगांचे दिवस.
आज एक्याण्णव. आकडा चार.
इथून शहराची पत्र्याची घरं दिसतात,
पिवळी, निळी, एकमेकांच्या खांद्यावर बसलेली.
वर एकवीस उरल्यात.
चढेन, किंवा या आठवड्यात नाही चढणार.

खाली आलो तर ओस्वाल्दोच्या हातात पाव तसाच.
"ती गोळी," तो बुटाकडे बघत म्हणाला,
"तुझ्यातली एखादी देशील?
ऑगस्टपासून मला झोप नाही."

एकोणीस वर्षं हा माणूस
मलाच विचारत होता, झोप लागली का.

"माझी देणार नाही," मी म्हटलं.
"तुझा भोंगा वेगळा असेल.
सातला रांग लागते. पहाटे खूप गार असतं तिथे,
जॅकेट घाल.
मी येतो."