नववी पायरी

हानुसची वही निळ्या रेक्झिनची. हॅडॉकचा वास अजून येतो.
अकरा वर्षं क्लाक्सविकच्या मासळी-लिलावाची वेबसाइट
ह्या वहीतून चालली.
एक: कोड कंपाइल कर.
दोन: जुनी वॉर फाइल तारीख घालून बाजूला ठेव.
तीन: टॉमकॅट थांबव.
चार: कॉफी.
चार खरंच कॉफी आहे. टॉमकॅट सावकाश मरतो.

मला नेमलं ते ही वही बंद करायला.

मेव्हन आणलं. रिकाम्या फोल्डरात एकच फाइल,
तिच्यात प्रकल्पाचं नाव, गटाचं नाव,
आवृत्ती एक, अजून कच्ची.
कोड ह्या खोलीत, चाचण्या त्या, पानं तिसऱ्या;
मेव्हनला मांडणी सुचवायची नसते,
त्याच्या घरात आपण राहायला जायचं.

जुन्या फोल्डरात त्रेचाळीस जार फाइली.
एकेकीची ओळख पटवत बसले,
किनाऱ्याला वाहून आलेल्यांची पटवतात तशी:
नाव काय, घराणं कोणतं, वय किती.
एकेचाळिसांचा पत्ता लागला.
बेचाळिसावी त्यांच्यातलीच एक, दुसऱ्या नावाने राहणारी.
त्रेचाळिसावीचं नाव नुसतं "नवी-नवी-दोन".

"ही कुणाची?"
"माझी," हानुस म्हणाला.
"हिचा मूळ कोड?"
त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुकं होतं,
धुक्यात कुठेतरी बंदर.
"तो संगणक तळघरात होता," म्हणाला, "आणि तळघरात एकदा समुद्र."
मग मी तिला रिपॉझिटरीत जागा दिली,
आवृत्ती लावली,
गटाच्या रकान्यात लिहिलं: हानुस.

गुरुवारी रात्री पहिला बिल्ड.
ओळींवर ओळी उतरत राहिल्या.
बोलावलं होतं चौदांना; प्रत्येकाने आपले पाहुणे आणले,
त्या पाहुण्यांनी त्यांचे,
आणि दोघे एकाच नावाचे, वेगवेगळ्या वयाचे,
दारातच भांडले. एकाला परत पाठवलं.
शेवटी हिरवी अक्षरं: यशस्वी. एकोणचाळीस सेकंद.
मी वही मिटून त्याच्या हाती दिली,
जरा जास्तच ऐटीत.

शुक्रवार, पहाटे सहा. लिलाव सुरू.
पडद्यावर बोटीच्या नावात मधोमध
काळा चौकोन, चौकोनाच्या पोटात प्रश्नचिन्ह.
"माझ्या बोटीला भोक पाडलंय कुणी?" तुम्मासने विचारलं.
खरेदीदार हसले. बोली थांबली.
बर्फात कॉडचे डोळे आ वासून.

हानुसने वही उघडली, बोट ठेवलं.
नऊ: ð बघ.
"बघ म्हणजे?"
"म्हणजे बघ. दर वेळी. मोडलं असेल तर परत कंपाइल, ह्या वेळी लिपी सांगून."
मी आठव्या पायरीशीच वाचणं सोडलं होतं.
वाटलं, पुढचं आता यंत्राचं.

वाकल्या काठीवर आडवी रेघ, एवढंसं अक्षर.
बोलताना आम्ही कुणी ते उच्चारत नाही.
बोटीला वीयॉय म्हणतो, आणि ते मधे मुकं बसून असतं,
जाळ्याच्या तळाला शिसं असतं तसं.
दिसत नाही.
काढून बघा, जाळं तरंगतं.

फाइलीत एक ओळ घातली: हा कोड कोणत्या लिपीत लिहिलाय ते.
अकरा वर्षांचं बघणं एका ओळीत मावलं, ह्याचा
मला आनंद व्हायला हवा होता.
मग एक चाचणीही लिहिली,
बंदरातल्या सगळ्या बोटींची नावं घालून,
ते अक्षर मोडलं तर बिल्ड तिथेच अडेल अशी.
चाचणीचं नाव: नववी पायरी.
हानुसने चष्मा वर करून वाचलं.
"आणि चौथी?"
"तिचं प्लगइन नाही मिळालं."

आता कोड पाठवला की सगळं आपोआप होतं, मी झोपेत असले तरी.
पण शुक्रवारी साडेपाचला तो येतोच,
ओला कोट खुर्चीवर टाकतो, दोन कप भरतो,
खरेदीदार आणि पडदा ह्यांच्या मधे बसतो.
काही बोलत नाही.