अक्षरामागे तीन रुपये

भांडी बाजारात, नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी
माझं स्टूल, माझी सुई, लोंबती वायर.
घागर, परात, कळशी, डबे,
मी नाव घालतो.
अक्षरामागे तीन रुपये.
काना-मात्रा-वेलांटीचे घेत नाही.

लग्नसराईत चिठ्ठ्या येतात वधूबापाच्या अक्षरात:
सासरचंच घाला हो, तिथंच वापरायचीत भांडी.
आणि मी, जिला अजून कुणी त्या नावानं हाकही मारली नाही
अशा बाईचं नाव
टिंबाटिंबानं पितळेत उतरवत जातो.
नाव, बापाचं नाव, आडनाव,
तिन्हीतलं एकही उरत नाही.

काल पळशाचे गायधनी आले.
एकवीस नग. चिठ्ठीवर: सई.
‘जावईबापूंनी निवडलंय. दोनच अक्षरं, तुम्हालाही सोपं.’
मागून पोरगी, हातात हेल्मेट, कोपरापर्यंत ओली मेंदी.
‘शलाका घाला काका. शलाका वसंत गायधनी.’

मी बोटांवर मोजलं. दहा अक्षरं.
बाप म्हणाला, अगं, नगामागे चोवीस रुपये जास्त.
ती म्हणाली, स्कॅनर आहे ना?

हळद हवी तिला, शालू हवा,
नथसुद्धा हवी, फक्त दाबाची, टोचायची नाही.
‘आणि ताटात तांदळावर काय लिहायचं ते लिहू देत त्यांना,’
मेंदीवर फुंकर घालत म्हणाली,
‘दुसऱ्या दिवशी मी भात लावीन त्याचा.’

बाप बाहेर जाऊन उभा राहिला.
घाटावर कुणी सतरंज्या झटकत होतं, ते बघत.
परतला तेव्हा सात नग झाले होते.
एक कळशी उचलली, उजेडात धरली,
आणि स्वतःच्याच नावावरून,
वसंत,
अंगठा फिरवत राहिला.
सुई गरम झाली होती. मी मशीन बंद केलं.

रात्री घरचा तांब्या हातात आला.
सौ. मंगल. माझंच काम, एकतीस वर्षांपूर्वीचं,
‘ल’ जरा वाकडा.
विचारलं, तुला आधी काय म्हणायचे गं?
भाकरी थापता थापता म्हणाली, कौतिका.
भाऊ गेला, मग कोण म्हणणार?

तांब्या उलटा केला.
बुडाशी बोटभर जागा होती.
‘तीन अक्षरं,’ तव्याकडे बघतच ती म्हणाली,
‘नऊ रुपये. मांडून ठेवा माझ्या नावावर.’
कुठल्या, ते मी विचारलं नाही.