अर्धा लुमेन

मे महिना, दुपारचे दोन, मानेवाड्यातलं घर,
आणि मी कूलर बंद करून बसले.
तुरीच्या डाळीएवढा एलईडी
वाऱ्यानं उडाला की फरशीवर सापडत नाही,
हे मला पहिल्या एलईडीनं शिकवलं.
हा दुसरा. वस्तू बत्तीस रुपयांची, कुरिअर नव्वदचं.

नवरा दारातून म्हणाला,
"काहून वं, चांगला टॉर्च खोलून बसली?
नवा आणून देतो नं बर्डीवरून."
नवाच आहे हा. बर्डीवरचाच.
बोटभर लांब, बाराशे लुमेन, डब्यावर झेप घेणारा वाघ.
वाघाला मी काय करू?
माझ्या वॉर्डात छत्तीस खाटा, एकेचाळीस पेशंट,
आणि रात्री दोनला मला
सलाइनचे थेंब मोजायचे असतात.

त्या पांढऱ्याफक उजेडात
सगळेच गेल्यासारखे दिसायचे.
नखाचं निळेपण कुठलं, उजेडाचं कुठलं,
नाडी धरल्याशिवाय कळायचं नाही.

एकदा घाईत बटण दोनदा दाबलं गेलं
आणि सुरू झाली ती लपकझपक,
कुणी मागितली होती कोण जाणे.
अख्खा वॉर्ड उठून बसला.
खाट नऊचे लांजेवार विचारतात, "वरात कोणाची?"
कालच टाके पडलेला पोरगा
पोट धरून हसू आवरत होता.
मी सॉरी म्हणत फिरले, खाटेखाटेशी.

म्हणून आधी ती लपकझपक मारली:
ड्रायव्हरवरचे दोन ठिपके, त्यांच्यावर कथलाचा एक थेंब.
मग जुना एलईडी उपटला, हा बसवला,
ना निळा, ना पिवळट,
लालाला लाल म्हणणारा.
सलाइनच्या रिकाम्या बाटलीचं दुधी प्लास्टिक
नखं कापायच्या कात्रीनं गोल कापलं, काचेमागे सरकवलं.
बटणाचा टक्क आवाज फार होता,
त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबची चकती.
क्लिप उलटी फिरवली, कारण माझा खिसा
माझ्या छातीवर आहे, शिकाऱ्याच्या कमरेवर नाही.

आरशासारख्या वाटीला आतून अंगठा लागला.
तो ठसा निघेना.
पुसला तर आणखी पसरला.
आता भिंतीवर उजेड टाकला की
कडेला एक धुरकट टिकली दिसते.
राहू दे.

तीन पायऱ्या ठेवल्या. सगळ्यात खालची अर्धा लुमेन,
देवघरातली वात विझायच्या आधी असते तेवढी.
"दिसते काय यात?" नवऱ्यानं डोळे बारीक केले.
मी कूलर चालू केला.

त्या रात्री खाट अकरा.
गोळीबार चौकाकडचे पराते,
चाळीस वर्षं मागावर बसलेले,
उशाला स्वतः विणलेला पंचा.
मी थेंब मोजत होते, सतरा, अठरा,
तर त्यांनी मनगट धरलं.
"थांबा सिस्टर. हा काठ पाहा.
इतक्या राती झाल्या, हा मले काळाच दिसे.
आज लाल दिसून राहिला."
त्यांनी पंचा उजेडाखाली ओढला,
काठावरून अंगठा फिरवला,
"हा उजेड सुताले ओळखते नं बावा."

मला हसू आलं. खूश झाले मी, खोटं कशाला सांगू.
म्हणून एक पायरी वाढवली,
काठ नीट दिसावा त्यांना.
त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, डोळे मोठे करून,
आणि बुबुळांच्या भोवतालचं पिवळं मला दिसलं.
केसपेपरवर कुठंच नव्हतं ते.
सकाळच्या राउंडलाही कुणी बोललं नव्हतं.

टेबलाशी येऊन वहीत लिहिलं,
दोन चाळीस. डोळे पिवळे. डॉक्टरांना फोन केला.
परत गेले तेव्हा पराते अजून रंगाचंच सांगत होते,
कढईत किती वेळ, मीठ कधी टाकायचं,
पोरांनी कसं सगळं सोडून दिलं.
मी उजेड खालच्या पायरीवर आणला.
खाटेच्या कडेवर टेकले.
म्हटलं, मग? मिठानंतर काय?