नमुना क्रमांक सदतीस

तासभर आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही.
चूळ भरायची, मान खाली, ओठ सैल,
आणि जे जमेल ते जमू द्यायचं.
थुंकायचं नाही खरं तर, ओघळू द्यायचं.
हे मी रोज दहा जणांना सांगते
अंबाजोगाईच्या या तळमजल्यात,
समोरच्या रसवंतीतून आणलेल्या बर्फात नळ्या खोचून.

मुंजाजी परळीहून राखेचा टिप्पर चालवतो.
अठरा वर्षं गुटखा. तोंड उघडतं दोन बोटं.
"मॅडम, रस्ताभर थुकत हिंडलो तवा कुणी इचारलं न्हाई,
अन् आज मोजून मागायलाव."
पाच मिनिटं. तीन थेंब.
त्यातही एकदा आवंढा गिळला.

मग चूक माझी झाली.
सहज विचारलं, यंदा चिंचा झोडपल्या का गावाकडं?
त्याचे डोळे बारीक झाले
आणि त्या दोन बोटांच्या फटीतून
एक तार सुटली, नळीच्या तळापर्यंत
न तुटता.

नियमानं हा नमुना बाद.
हवी होती विसाव्याची लाळ, ही चिंचेची,
तीही न खाल्लेल्या.
फेकवेना. वेगळी नळी, वेगळी चिठ्ठी: ३७-ब.

चार अंशांवर फिरवल्या. गाळ बसला:
सुपारीचा तंतू, गालाची सुटी कातडी.
वरचं निवळ उचललं, रंग घातला,
तपकिरी होता तो निळा झाला.
गडद निघाले ते तीन थेंबच.

जेलमध्ये कंगव्यानं दहा विहिरी पाडल्या
(एवढ्या सहज इथं कोण पाडतं).
पहिलीत शिडी, दुसरीत माझीच लाळ, निरोगी म्हणून,
मग तो, मग पुन्हा तो.
वीज सोडली. हलकी प्रथिनं पुढं पळाली,
जडशीळ म्युसिन विहिरीच्या काठावरच बसून राहिलं.
दीड वाजता लाईट गेली.

सकाळी रंग धुतला.
भाकरी तोंडातच गोड करणारं अमायलेज
तिघांतही ठळक, थोडं फिसकटलेलं.
अगदी तळाशी एक फिकट रेघ:
माझ्यात आहे, ३७-बमध्ये आहे,
३७-अमध्ये नाही.
लाईटचा दोष असेल. नसेलही.
परत चालवावं लागणार.

फोन लावला. मागं टिप्परची घरघर.
"येतो की, मॅडम. पर चिंचंचं नाव काढू नका,
रातभर जबडा ठणकलाय."