फरक

रात्रीचे पावणेबारा. मार्केट यार्डातल्या पेढीच्या
दुसऱ्या मजल्यावर मी आणि दोन होस्ट.
पंख्याच्या जाळीवर हळद बसलीय.
पुसली की बोट पिवळं होतं
आणि होस्ट एका अंशानं निवला असं मला उगाच वाटतं.

सकाळी दहाला सौदे,
आणि तोलाईचं व्हीएम उठेना.
मेलेलं नाही. थांबलंय,
घास तोंडात धरून बसलेल्या पोरासारखं,
कारण लिहायला जागाच उरली नाही.
डेटास्टोअर: शिल्लक शून्य.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.
त्याला वाटतं, आपली डिस्क आपली,
चार प्रोसेसर आपले, घड्याळही आपलंच.
आपण पोटभाडेकरू आहोत,
भिंतीपलीकडे जीएसटीचं व्हीएम घोरतंय,
त्याच्या पलीकडे कॅमेऱ्यांचं, जे कधीच झोपत नाही,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

फोल्डर उघडला.
मूळ डिस्क चारशे जीबी.
तिच्या अंगाला अंग लावून
फरकाची फाइल, तीनशे नव्वद.
वर स्नॅपशॉटचं नाव:
‘पाणी वाढतंय. उद्या काढतो. द. मुल्ला.’

तेव्हा रॅक तळमजल्यावर होता.
म्हणजे त्या संध्याकाळपासून
या यंत्रानं मूळ पानावर एक ओळ लिहिली नाही.
ते पान कोरडं, तिथंच उघडं पडलेलं.
नंतरचं प्रत्येक पोतं, प्रत्येक काटापट्टी,
राजापुरी, सेलम, कणी, गट्टू,
सगळं नुसतं ‘त्या दिवसाहून वेगळं काय’ एवढ्याच हिशेबात.
सांगलीही तशीच बोलते म्हणा.
लग्न कधी झालं? पुराच्या आधी.
दुकान? पुरानंतर.

साडेबाराला फोन लावला. मुल्ला आता कवठेमहांकाळला,
झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं.
‘कोण? आरवाड्यांची सुनेत्रा? अजून जागीच हायस?’
सांगितलं.
बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
‘हाय व्हय ते अजून?
अगं, चौघांनी रॅक उचलला त्या राती.
आम्ही एक पायरी चढलो की पाणी एक पायरी.
दुसऱ्या दिवशी काढणार होतो.
दुसरा दिवसच आठ दिवसांनी उगवला.’
मग एकदम कामाच्या आवाजात:
‘काढ, बिनघोर काढ.
पण आधी बॅकअप बघ. उघडून बघ, नुसता यादीत बघू नको.’

बघितला. उघडून बघितला.
मग जागा केली. कुणी कधी न उघडलेलं ट्रेनिंगचं व्हीएम पुसलं,
जुन्या आयएसओ फाइली पुसल्या,
तोलाईचं व्हीएम रीतसर बंद केलं
तशी स्वॅपची सोळा जीबी आपसूक मोकळी झाली.
शेठ जिन्यात उभे, लुंगीवर, हातात टॉर्च.
‘डिलीट म्हणजे? आमचं सगळं जाणार?’
दिवस जात नाहीत शेठ, म्हटलं.
परतीची वाट तेवढी जाते.
त्यांना पटलं नसावं. पण बसले, स्टूल ओढून.

एक. चार. अकरा टक्के.
फरक पानात मुरायला लागला.
नव्व्याण्णवला बार अडला आणि अडलेलाच राहिला.
इथं हात लावायचा नसतो.
इथं रीस्टार्ट करणाऱ्यांचे किस्से मी ऐकलेत.
शेठ बसल्या बसल्या पेंगले.
मी डिस्कचा हिरवा दिवा बघत राहिले:
लुकलुकतोय ना, मग चाललंय.

चार वाजून दहा मिनिटांनी बार गेला,
न सांगता.
व्हीएम चालू केलं. त्यानं होस्टला वेळ विचारली,
होस्टनं सांगितली, त्याला पटली.
चाचणीची एक पट्टी मारली: शून्य किलो, शून्य रुपये.
ती थेट मूळ पानावर उमटली.

मुल्लांना मेसेज टाकला: काढलं.
उत्तर लगेच आलं. झोपले नव्हतेच.
नुसता एक अंगठा.

खाली उतरताना सातव्या पायरीपाशी
भिंतीवर पाण्याची रेघ आहे, मातकट.
रंगारी दोनदा आले, शेठनी दोन्हीदा तेवढा पट्टा सोडायला लावला.
तो माझ्या कामात येत नाही.