अठरा किलो सातशे

विश्रामबागेतल्या शोरूमचं काचेचं दार लावून
मगदुमांच्या अभिनंदननं हेलिकॉप्टर सोडलं.
डाव्या कोपऱ्यातनं उठलं, छताच्या कडेनं आलं
आणि माझ्या टकलावरून मागं गेलं.
"नऊ चॅनेल, काका. वर आणखी चार जोडता येतात."
मी मान वर केली. पीओपीशिवाय काही नव्हतं.

दोन रिसीव्हर, शेजारी शेजारी.
एक सडपातळ, पुढं निळे आकडे.
दुसरा रुंद, पोटात तांब्याचा एवढा ट्रान्सफॉर्मर
की टेबल वाकलंय असं वाटावं.
आवाजातला फरक विचाराल तर,
पहिल्यात बाई बोलली.
दुसऱ्यात, बोलायच्या आधी तिनं श्वास घेतला.

झालं. तिथंच मी हरलो.
चार महिने वहीत मांडलेले वॅट, ओहम, वॉरंटीची वर्षं
कुणाला लागतात त्यानंतर?

तरी विचारलं, "वजन?"
अभिनंदन खूश. गिऱ्हाईक जाणकार दिसतंय,
जड तेवढं चांगलं, हे ठाऊक असलेलं.
"अठरा किलो सातशे!"

त्याला काय सांगायचं.
त्याचं घर उंचावर.
आमच्या गावभागात हॉलच्या भिंतीवर
स्विचबोर्डाच्या वीतभर वर एक मातकट रेघ आहे.
तीनदा रंग दिला, तरी उमटते.
जुना रिसीव्हर त्या रेघेखाली होता.
उघडला तेव्हा आत गाळ,
आणि एक गोगलगाय. जिवंत.

"उचलून बघू का?"
त्याला चेष्टा वाटली.
छातीशी धरला आणि पोटमाळ्याचा जिना चढायला लागलो.
विजयमाला खाली उभी, मोठ्यांदा पायऱ्या मोजत.
सात. आठ. आपल्या एकोणीस आहेत, हो.
अकराव्या पायरीवर गुडघा बोलला,
अगदी स्पष्ट, मधल्या स्पीकरमधून आल्यासारखा.

सडपातळ होता नऊ किलोचा.

खाली येऊन घाम पुसत होतो,
पैसे कुठल्या बॉक्सचे द्यायचे ते सुचेना.
तीच म्हणाली, "घ्या जड. एका बाजूनं मी धरीन की."
पासष्टीची आहे. मनगटात पट्टा.
अभिनंदननं बिल फाडलं.

रात्री सगळ्या वायरी जोडून झाल्या.
आवाज बारीकच ठेवला होता.
सबवूफरमधून घरघर निघाली, खालची,
कानापेक्षा तळव्यांना आधी कळणारी.
स्वयंपाकघरात तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.
"कोयनेतनं पाणी सोडलं का हो?"

मी बटण बंद केलं.
दोघं तसेच उभे राहिलो,
ऐकत.